विकावयाच्या घराची दर्शनी बाजू

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांच्या तोंडीं आहे. घर पाहावें विकून, असें मात्र कोणीं म्हणून ठेवलेलें नाहीं. राहतें घर विकणें ही गोष्टच आपल्या समाजांत चारचौघांत बोलण्याजोगी मानीत नसत. विकणारा कर्जांत तरी बुडाला असेल, नाहींतर भाऊबंदकीनें गांजला असेल, अशीच समजूत असे. आतां काळ पालटला आहे. मुलें शिकून पुण्या-मुंबईस, बंगळुरास किंवा परदेशीं जातात. मागें राहिलेल्या वडील माणसांस जिना चढवत नाहीं, अंगण झाडवत नाहीं. आणि चांगल्या सुखवस्तु कुटुंबांवरही गांवचें घर विकण्याची वेळ येते. अशा वेळीं घर पाहावयास येणाऱ्याच्या दृष्टीस तें नीट पडावें म्हणून काय करावें, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे काय करूं नये, हें सांगणारें सहसा कोणी भेटत नाहीं. आम्हांस या बाबतींत जें प्रत्यक्ष अनुभवानें कळलें, तें वाचकांपुढें मांडावें असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

सांगलीच्या गांवभागांत आमच्या थोरल्या काकूंचें घर होतें. काळ्या दगडाचें जोतें, त्यावर विटांच्या भिंती व चुन्याचा गिलावा, पुढें सागवानी खांबांची ओसरी, वर माडी, मंगलोरी कौलांचें छप्पर आणि अंगणांत तुळशीवृंदावन, असें तें जुन्या वळणाचें घर. काका २०२० सालीं गेले. त्यानंतर दोन वर्षें काकूंनीं एकटीनें तें सांभाळलें. शेवटीं २०२२ च्या दिवाळींत दोघे मुलगे व मुलगी एकत्र बसलीं आणि घर विकून काकूंनीं पुण्यास यावें असें ठरलें.

पहिल्या तीन आठवड्यांत चार-पांच मंडळी घर पाहावयास आलीं. त्यांतलीं दोन तर फाटकांतूनच परत फिरलीं. माजघरांत भर उन्हाळ्यांत कसा गारवा असतो, माडीवर वारा कसा खेळतो, हें पाहण्यास कोणी उंबरठाच ओलांडला नाहीं. दोष त्यांचा नव्हता. कौलांवर शेवाळ, भिंतीवर हिरवे-काळे ओघळ, जोत्याच्या सांध्यांतून डोकावणारें पिंपळाचें रोप, फाटकाची निखळलेली कडी, हें सर्व रस्त्यावरून दिसत होतें. काकूंस फार वाईट वाटलें. त्या आम्हांस म्हणाल्या, “अरे, पाहुणे यायचे म्हटलें कीं आपण घरांतल्या पोराचेंसुद्धां तोंड धुतों, केंस विंचरतों. या घराचें तेवढेंही आपण केलें नाहीं.”

म्हणून घराचें तोंड धुवावयाचें ठरलें. घर विकून देणाऱ्या मध्यस्थानें रंगकाम करणाऱ्या एका गृहस्थास बरोबर आणलें. त्यांनीं पांच मिनिटांत निकाल दिला: समोरची भिंत सिमेंटनें गिलावून घ्यावी, जोत्यावर चकचकीत फरशा बसवाव्या, वर प्लॅस्टिक रंगाचे दोन हात द्यावे. मग ओसरीच्या भिंतीकडे बोट दाखवून ते म्हणाले, “आणि ह्या ज्या रेघा व डाग आहेत, ते तर एका दिवसांत नाहींसे करतों.”

त्या रेघा कसल्या, हें सांगलीबाहेरच्या वाचकांस सांगितलें पाहिजे. कृष्णेचें पाणी येथें आयर्विन पुलापाशीं मोजतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी धरलेली आहे. २००५ सालीं ती पुष्कळच ओलांडली गेली. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांच्याही वर चढलें, आणि २०२१ च्या जुलैंत पुन्हां मोठा पूर आला. काकूंच्या ओसरीवर या तिन्ही वेळां पाणी होतें. पहिल्या दोन वेळां काकांनीं पाणी ओसरल्यावर खिळ्यानें भिंतीवर रेघ ओढून साल लिहून ठेवलें होतें. तिसरी रेघ काकूंनीं स्वतः ओढली होती. सर्वांत वरची २०१९ ची. उभ्या माणसाच्या छातीला लागेल इतकी.

काकूंनीं रंगवाल्या गृहस्थांस शांतपणें विचारलें, “डाग झांकाल हो, नदी कशी झांकाल?” ते हंसले व म्हणाले, “घेणाऱ्यानें विचारलें तर सांगा. न विचारतां कशाला सांगायचें?”

‘न विचारतां कशाला सांगायचें’ हा सल्ला आपल्याकडे व्यवहारचातुर्य म्हणून खपतो. कायद्याचें म्हणणें मात्र निराळें आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमान्वयें, तसा वेगळा करार नसल्यास, मालमत्तेंतला किंवा मालकीहक्कांतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास ठाऊक नाहीं व साधारण काळजीनें पाहूनही त्याच्या लक्षांत येण्याजोगा नाहीं, तो विकणाऱ्यानें आपण होऊन सांगितला पाहिजे. असा दोष न सांगणें ही त्याच कलमांत फसवणूक ठरवली आहे. यांतली खोंच वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. भिंतीवरचा ओलावा उघडा दिसतो आहे तोंवर तो पाहणें हें घेणाऱ्याचें काम असतें. आपण त्यावर रंगाचा हात फिरवला, कीं जें साध्या डोळ्यांना दिसलें असतें तें दिसेनासें होतें, आणि सांगण्याची जबाबदारी आपल्यावर येऊन पडते. म्हणजे ज्या रंगानें आपण सुटूं असें वाटतें, तोच रंग आपणांस गुंतवतो. कायदा क्षणभर बाजूस ठेवला, तरी जें कुटुंब आपल्या जागीं येऊन राहणार, आपल्याच देवघरांत दिवा लावणार, त्याची पहिल्याच पावसाळ्यांत दैना व्हावी हें कोणत्या सुसंस्कृत माणसास रुचेल?

तेव्हां आम्हीं एकच नियम ठरवला: घर स्वच्छ करावयाचें, दुरुस्त करावयाचें, सजवावयाचें, परंतु कांहींही लपवावयाचें नाहीं. या नियमानें काम करूं लागल्यावर असें आढळून आलें कीं, घराला शोभा आणणारे बहुतेक उपाय तेच घराला टिकवणारेही असतात. आणि जे केवळ झांकण्यासाठीं असतात, ते शोभेलाही फार दिवस पुरत नाहींत. आम्हीं कामें ज्या क्रमानें केलीं, तो क्रम पुढें देतों.

पहिलें काम पाण्याचें, रंगाचें नव्हे. भिंतीवरचे ओघळ हे बहुधा वरून येतात. आमच्या येथें छपराच्या कडेची पत्र्याची पन्हळ पालापाचोळ्यानें तुंबून वांकली होती व पावसाचें सारें पाणी भिंतीवर उतरत होतें. ती साफ करून नीट उतार दिला आणि खालचें पाणी जोत्यापासून दूर जाईल अशी नाली काढली. हें न करतां रंग दिला असता तर पुढच्या आषाढांतच पुन्हां ओघळ दिसले असते.

दुसरें काम छपराचें. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासल मिशननें मंगळुरास १८६५ सालीं काढला. या कौलांची खुबी अशी कीं तीं एकमेकांच्या खांचेंत बसतात, त्यामुळें फुटलेलें एखादें कौल तेवढेंच बदलतां येतें. मात्र निरनिराळ्या कारखान्यांचीं कौलें एकमेकांत नीट बसत नाहींत. कौलाच्या अंगावर कारखान्याचें नांव उठवलेलें असतें, तें पाहून त्याच छापाचीं कौलें जुन्या, पाडलेल्या घरांच्या सामानांत शोधावीं. आमचीं अठरा कौलें अशींच मिळालीं. शेवाळ कोरडें असतांना काथ्याच्या कुंचल्यानें घासून काढलें. कौलांवर पाय न देतां फळी टाकून त्यावर बसावें, नाहींतर दहा साफ करतांना वीस फुटतात.

तिसरें काम भिंतीचें, आणि येथेंच बहुतेक लोक चुकतात. जुनी वीट-चुन्याची भिंत पाणी पिते आणि वाऱ्या-उन्हांत तें सोडून देते. पुरानें भिजलेली भिंत पूर्ण वाळण्यास महिने लागतात. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिक रंग चढवला, कीं ओल आंत कोंडते. मग ती आणखी वर चढते, किंवा रंगाला फुगवटे आणून तो सोलून काढते. भिंतीवर जी पांढरी भुकटी येते, तिला आपण लोणा म्हणतों. तो ओलीबरोबर वर आलेला क्षार होय. तो पाण्यानें धुऊं नये, कारण विरघळून पुन्हां भिंतींतच मुरतो. कोरड्या कुंचल्यानें झाडून, खालीं कागद पसरून, गोळा करून टाकावा. सुटलेला गिलावा काढून तेथें चुन्याचाच गिलावा करावा.

मग सफेदी. कळीचा चुना पाण्यांत टाकून विझवावा; चुन्यावर पाणी ओतूं नये, कारण तो उसळतो व डोळ्यांत उडाल्यास मोठी इजा होते. मुलांस त्या जागेपासून दूर ठेवावें. विझलेला चुना कांहीं दिवस पाण्याखालीं मुरूं द्यावा, मग फडक्यांतून गाळून दुधाइतका पातळ करावा व त्यांत डिंकाचें पाणी व किंचित् नीळ घालावी. भिंत आधीं पाण्यानें ओलसर करून पातळ असे तीन हात, मध्यें एकेक दिवस सोडून, द्यावे. चुना ओला असतांना भिंत जेमतेम पांढुरकी दिसते. तेवढ्यानें घाबरून जाड हात देऊं नये, नाहींतर त्याचे पापुद्रे सुटतात. वाळतांना तो हवेंतला कार्बन डाय-ऑक्साइड वायु घेऊन पुन्हां दगडाच्या जातीचा होतो व पांढराशुभ्र उजळतो. पांढरा रंग नको असल्यास चुन्यांतच पिवडी मिसळावी, आणि खालीं हातभर गेरूचा पट्टा ओढावा. पावसाचे शिंतोडे त्यावर उठून दिसत नाहींत. जेथें आधींच प्लॅस्टिक रंग असेल, तेथें तो काढल्याखेरीज चुना धरत नाहीं, हेंही लक्षांत ठेवावें. हें काम दिवाळीनंतर कोरड्या दिवसांत करावें.

चौथें काम लांकडाचें. पुण्याच्या विश्रामबाग वाड्याची दर्शनी बाजू ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना कोरीव सागवान म्हणजे काय शोभा असते हें सांगावयास नको. आपल्या साध्या घरांतही दोन-चार खांब, एखादी चौकट अशी असते. पण आपण तिच्यावर वर्षानुवर्षें हिरवा-निळा तेलरंग फांसून तिचें तोंड बुजवून टाकलेलें असतें. आमच्या ओसरीच्या खांबांवर असे चार थर निघाले. जुन्या तेलरंगांत शिशाचा अंश असूं शकतो. म्हणून तो जाळून किंवा कोरडा घासून काढूं नये. पाण्यानें ओला करून हलक्या हातानें खरडावा, तोंडाला फडकें बांधावें, आणि खरड गोळा करून टाकावी. मग लांकूड चांगलें वाळल्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. येथें एक सावधगिरी: त्या तेलानें भिजलेलीं फडकीं चुरगाळून कोपऱ्यांत टाकूं नयेत, तीं आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवावीं किंवा पाण्यांत बुडवून ठेवावीं.

पांचवें काम अंगणाचें. जोत्यांतलें पिंपळाचें रोप लहान असेल तर मुळासकट उपटावें. मोठें झाल्यावर ओढूं नये, दगडच हलतो. तें कापून, सांधा उकरून मुळें काढावीं व चुन्यानें सांधा भरावा. पारिजातकाच्या खिडकीवर आलेल्या फांद्या छाटल्या, आडावर लोखंडी जाळी बसवली, फाटकाची कडी दुरुस्त केली, भिंतीवरचे जुन्या जाहिरातींचे कागद भिजवून काढले, कोठेंही लोंबणाऱ्या विजेच्या तारा एका नळींत घेतल्या. याला खर्च थोडा लागला. पण रस्त्यावरून पाहणाऱ्यास फरक पडला तो सर्वांत अधिक यानेंच.

शेवटचें काम दाराचें. दारावरची पितळी पाटी काकूंनीं स्वतः चिंचेनें घांसली. तिच्यावर काका व त्यांचे दोघे मुलगे अशीं तीन नांवें होतीं. ती पुसतां पुसतां काकू मुलीला म्हणाल्या, “तुझें नांव पाटीवर नाहीं गं, पण सही मात्र लागणार!” तें खरेंच होतें. वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रांत १९९४ सालीं, त्या वेळेपूर्वीं लग्न न झालेल्या मुलींपुरता, मिळाला. आणि २००५ च्या हिंदु वारसा सुधारणा कायद्यानें तो विवाहित-अविवाहित असा भेद न ठेवतां साऱ्या देशांत लागू झाला. घराच्या बाहेरून कितीही डागडुजी केली, तरी घरांतल्या एका हक्कदाराची संमति राहून गेली तर व्यवहार अडतोच. म्हणून रंगाऱ्यास बोलावण्यापूर्वीं सर्व भावंडांस बोलवावें, हा आमचा सल्ला आहे.

खर्चाविषयींही दोन शब्द. जुनें घर घेणारे कित्येक लोक केवळ जागेसाठीं घेतात व घर पाडतात. त्यांना आपल्या सफेदीचें कौतुक नसतें. तेव्हां जें केल्यावांचून घर नादुरुस्त दिसेल तेवढेंच करावें. कर्ज काढून संगमरवरी पायऱ्या बसवूं नयेत. हल्लीं लोक घर पाहण्याआधीं मोबाईलवर त्याचीं छायाचित्रें पाहतात. तींही खरींच असावीं. अंगण दुप्पट लांब दिसेल अशा भिंगानें काढलेलें छायाचित्र म्हणजेही एक प्रकारचा प्लॅस्टिक रंगच होय. येणारा माणूस फाटकांतच हिरमुसतो.

संक्रांतीपर्यंत आमचें काम आटोपलें. ओसरीच्या भिंतीस सफेदी दिली, परंतु त्या तीन रेघांभोंवतीं वीतभर रुंदीची जागा जशीच्या तशी ठेवली. मध्यस्थ नाराज झाला, म्हणाला, “असें कोणी करतें का?”

माघांत एक शिक्षक दांपत्य आलें. फाटक उघडून तीं दोघें वृंदावनापाशीं थांबलीं, मग ओसरीवर चढलीं, आणि बाईंची नजर रेघांवर गेली. “काकू, पाणी इथवर आलें होतें?”

“हो,” काकू म्हणाल्या. “आम्ही मिरजेस नातलगांकडे गेलों होतों. परतल्यावर चार दिवस गाळ उपसला. भिंती वाळायला पुढचा उन्हाळा उजाडला. माडीवर मात्र पाणी कधीं चढलें नाहीं. जोतें, खांब, कांहीं हललें नाहीं. आतां बसा, पाणी देतें. मग सगळें घर दाखवतें.”

तीं दोघें त्या दिवशीं कांहीं न बोलतां गेलीं. आमच्या धाकट्या चुलतभावास वाटलें, व्यवहार फिसकटला. पण आठ दिवसांनीं तीं पुन्हां आलीं, ओळखीच्या एका स्थापत्यकारास घेऊन. त्यांनीं फितीनें रेघांची उंची मोजली, विजेचीं बटणें व मीटर त्याच्यावर किती घ्यावें, स्वयंपाकघर माडीवर नेतां येईल काय, हें सर्व पाहिलें. भिंत चुन्याचीच ठेवली याबद्दल त्या स्थापत्यकारांनीं समाधान दाखवलें. सिमेंट केलें असतें तर तें फोडून आंत पाहावें लागलें असतें, असें ते म्हणाले. मागितलेल्या किमतींतून कांहीं रक्कम त्यांनीं कमी करून मागितली व काकूंनीं ती कमी केली. पुराची माहिती दिली असल्याचें खरेदीखतांतही लिहून घेतलें. पाडव्याच्या सुमारास खत नोंदलें गेलें.

परत येतांना धाकटा हळूच म्हणाला, “आई, रेघा पुसल्या असत्या तर तेवढे पैसे वांचले असते.”

“वांचले असते,” काकू म्हणाल्या, “पण पुण्याला जाऊन दर पावसाळ्यांत मला झोंप लागली नसती. आतां तिकडे पाणी चढलें, तर ती बाई घाबरेल. पण मला शिव्या देणार नाहीं.”

घर सोडावयाच्या दिवशीं काकूंनीं पहांटे अंगण सारवून दारापुढें रांगोळी काढली, तुळशीच्या मंजिऱ्या पदरांत बांधून घेतल्या आणि वृंदावन नव्या बाईंच्या स्वाधीन केलें. मोठा मुलगा ती पितळी पाटी काढूं लागला, तेव्हां त्या जागेवर भिंतीचा एक निराळ्या रंगाचा चौकोन उघडा पडला. त्यावर चुन्याचा एक हात द्यावयास काकूंनीं त्यास सांगितलें. “तो आपला डाग,” त्या म्हणाल्या, “तो पुसायला हरकत नाहीं.”

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्यावर असा प्रसंग येईल, त्यांना आम्ही इतकेंच सांगूं: घराची दर्शनी बाजू अवश्य उजळावी. ज्या घरानें आपणांस ऊन-पावसांत राखलें, तें दुसऱ्याच्या हातीं देतांना मळकें देऊं नये. परंतु उजळतांना हातांत कुंचला आहे कीं पडदा, हें एकदां स्वतःस विचारून पाहावें.